फ्रीजरमधली मेंढी

बसा हो, बसा. त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे, भिंतीला टेकून बसा म्हणजे पडणार नाही. तुमच्या मागच्या चाकात खिळा नाही, अख्खा बोल्ट शिरलाय, त्यामुळे वेळ लागणार. तोवर एक गोष्ट सांगतो. ऐकीव नाही, माझ्या डोळ्यांदेखत घडलेली. भुताखेताची पण नाही, तरी त्या दिवशी माझ्या बहिणीचं तोंड बघून मीच टरकलो होतो. मधे विचारायचं ते विचारा, पण घाई करू नका. मी गोष्ट सांगतो ती ट्यूब तपासल्यासारखी. सगळीकडून पाण्यात दाबल्याशिवाय मला भोक सापडत नाही.

तर माझी धाकटी बहीण इथल्या वाचनालयात आहे. पोस्टाच्या मागे, हिरवा दरवाजा, तेच. कागदावर ग्रंथपाल, पण पोरं तिला शूबाई म्हणतात. तोंडातून शब्द कमी आणि ‘शूऽऽ’ जास्त, म्हणून. घरी मी नुसता खाकरलो तरी हिचं बोट ओठावर. मी चौथीत शाळेला रामराम ठोकला, आणि ही पुस्तकांत शिरली ती बाहेरच आली नाही. एकाच आईची लेकरं, कोणाला सांगून खरं वाटत नाही.

आणि नियमाला अशी पक्की, की विचारू नका. पुस्तक उशिरा परत केलंत की कार्ड बंद. पुस्तक येईपर्यंत बंद. मग तुम्ही कोणी का असेना. मी आपली चित्रांची मासिकं नेतो, एकदा एक गादीखाली राहिलं तर सख्ख्या भावाचं कार्ड बंद केलं हिने! वर घरी येऊन मलाच म्हणते, “दादा, भाजी वाढू का?”

आता ती पोर. तिला मी हवालदार म्हणतो. आठेक वर्षांची असेल. जन्मापासून दिसत नाही तिला. वाचनालयात आली की प्रत्येक खुर्चीच्या पाठीला हात लावत जाते, “इथे कोण बसलंय? काय वाचताय? मोठ्याने वाचा,” असा दम देते. शूबाई सगळ्या जगाला गप्प करते, पण या पोरीपुढे हिचीच बोलती बंद. रोज दुपारी तिला शेजारी घेऊन वाचून दाखवते, ओठांतल्या ओठांत.

त्या पोरीच्या आजीने तिला एक पुस्तक शिवून दिलं होतं. पुस्तक म्हणजे कापडाचं. उशीएवढं जाड. पानं मऊ, आणि पानापानावर हाताला लागेल असं काहीतरी. एका पानावर बटणांचा पाऊस. एकावर खरी चेन लावलेला खिसा, आत कापडाचा मासा. एकावर काथ्याची नदी. आणि मधल्या पानावर लोकरीची मेंढी, एवढी गुबगुबीत की माझ्यासारख्याचासुद्धा हात तिथून निघत नाही. आता आजीचे हात थरथरतात, सुईत दोरा ओवता येत नाही. म्हणजे जे काय आहे ते एकच. दुसरं होणे नाही. पोर ते उशाशी घेऊन झोपायची.

झालं असं, की शूबाईने या पोरीबद्दल आणि त्या पुस्तकाबद्दल कुठेतरी चार ओळी लिहिल्या. लिहायला तिला कोण अडवणार, लिहिताना आवाज होत नाही ना! त्या वाचून मोठ्या शहरातून बोलावणं आलं. सगळ्या ग्रंथपालांची परिषद भरणार होती, तिथे या आणि पुस्तक दाखवून बोला म्हणाले. मी म्हटलं, अरे वा! आणि ही बाई तेव्हापासून जेवेना. चार माणसांत ही तोंड उघडत नाही, तिथे तर सभागृहभर माणसं.

पण त्याहून मोठी भीती पुस्तकाची होती. ते मागायचं कसं? मी होतो तिथे, तेव्हा. हवालदार टेबलाशी उभी, पुस्तक छातीशी धरून.

“किती दिवस पाहिजे?” पोरीने विचारलं.

“परिषद शनिवारी. सोमवारी परत.”

“नक्की सोमवारी?”

“नक्की.”

“मग कार्ड कर.”

“कसलं कार्ड?”

“तुझं. पुस्तक माझं आहे ना? मग तू माझी वाचक. कार्ड कर, शिक्का मी मारणार. उशीर झाला तर तुझं कार्ड बंद.”

मला हसू आवरेना. शूबाई हसली नाही. तिने खरंच कार्ड काढलं, स्वतःचं नाव लिहिलं, पोरीचा हात धरून शिक्क्याची जागा दाखवली. पोरीने असा ठोसा मारला की दौत हलली. आणि मग पुस्तक दिलं. दिलं म्हणजे काय, मेंढीचं पान उघडून तिच्यावरून हात फिरवला, आणि मग दिलं.

मी सोबत निघालो. ही कधी एकटी गावाबाहेर गेली नव्हती, आणि मला वाटलं, जन्मभर गाड्यांची चाकं बदलली, आपल्याला रस्ता सापडणार नाही होय? नाही सापडला हो. त्या शहरात सगळे रस्ते एकाच साच्यातून काढलेले. ज्याला विचारावं तो कानातली वायर न काढता हात करतो, आणि प्रत्येकाचा हात वेगळ्या दिशेला. उतरायची जागा सापडली तेव्हा माझे पाय बोलायला लागले होते. खोली कसली, डबा. खिडकी उघडली तर समोर दुसऱ्याची भिंत, हात बाहेर काढला तर टेकेल एवढ्यावर. शूबाईने कडी लावली. मग ओढून बघितली. मग पिशवी उघडून पुस्तक बघितलं. मग परत कडी.

“अगं, झोप की.”

“दादा, इथे कुणाला आपण माहीत नाही.”

“बरंच आहे की मग. चुकलीस तरी हसणार कोण?”

“तसं नाही. काही हरवलं तर इथे विचारायचं कुणाला?”

मी म्हटलं, काही हरवत नाही. आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

सकाळी परिषदेच्या जागी गेलो. ती जागा म्हणजे त्या शहराचं मोठं वाचनालय. वाचनालय कसलं, मजल्यावर मजले, काचेच्या लिफ्टा, जिन्याला गालिचा. आमच्या इथल्यासारखी शंभर त्याच्या पोटात मावतील. दारात गळ्यात अडकवायच्या पट्ट्या वाटत होते. हिला नावाची मिळाली. मला अडवलं.

“तुम्ही कोण?” दारवान म्हणाला.

“मी भाऊ.”

“कोणाचा?”

“तिचा. ती बघा, ती चालली ती.”

“भाऊ असा कप्पा नाही आमच्याकडे. सहभागी, पाहुणे, कर्मचारी. बोला.”

“मग पाहुणा लिहा की! आलोय ना पाहुणा म्हणून?”

“पाहुणे म्हणजे भाषण करणारे.”

असा आमचा दंगा चालला. बाकीचे लोक आत जाताना माझ्याकडे बघून ‘शूऽऽ’ करत होते. सगळेच! तेव्हा मला कळलं की माझी बहीण काही जगावेगळी नाही, हिची जातच आहे. अशा शेकडो शूबाया आणि शूबुवा तिथे जमलेले, आणि मी एकटा मोठ्या आवाजाचा.

शेवटी दारवानाने कंटाळून ‘सोबत’ असं हाताने लिहून दिलं. मी आत गेलो. बहीण मोठ्या वाचनकक्षाच्या मधोमध उभी होती. दोन्ही हात ओले, पाणी ठिबकतंय. समोर लांबलचक टेबल, स्वच्छ पुसल्यासारखं मोकळं.

“दादा,” म्हणाली, “इथे ठेवलं होतं.”

विचारायची गरजच नव्हती काय ते.

भीतीने तळहाताला घाम सुटला होता तिच्या. घामाचा हात लोकरीला लावायचा नाही, म्हणून पुस्तक टेबलावर ठेवून हात धुवायला गेली. लगेच परत आली म्हणते. तेवढ्यात टेबल साफ. आमच्या वाचनालयात टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाला कोणी हात लावत नाही. लावते ती हीच. मग भीती कशाची वाटणार? पण तिथे, अहो, खोलीभर हिच्यासारखेच! टेबलावर बेवारशी पुस्तक दिसलं की ह्या लोकांच्या हाताला खाज सुटते. माणूस पडलेला दिसला तर ओलांडून जातील एकवेळ, पण पुस्तक उचलून जागेवर ठेवल्याशिवाय राहणार नाहीत.

मी टेबलाखाली वाकून बघितलं. खुर्च्या सरकवल्या. चार दिशांनी ‘शूऽऽ’ आलं. मग माझं डोकंच फिरलं. मी खुर्चीवर चढून ओरडलो, “अहो मंडळी! इथलं कापडाचं पुस्तक कोणी उचललं? लहान पोरीचं आहे हो ते! चोरी म्हणत नाही मी, पण उचललं कोणी?”

आणि मग एकेकाचं तोंड पडायला लागलं. एक टकलू गृहस्थ पुढे आले, “मी एक उचललं खरं. पण ते नकाशांचं होतं.” दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, “मी दोन ठेवली कपाटात. सवयच आहे हो.” तिसरा म्हणतो, “मी तर शेजारच्याचंच ठेवून आलो, तो अजून वाचत होता.” माझी बहीण रडायच्या बेतात आणि मला हसू येतंय, असली पंचाईत.

शेवटी एक चष्मेवाल्या म्हाताऱ्या बाई काठी टेकत आल्या. “जाड होतं का? मऊ? मी ट्रॉलीवर ठेवलं गं. त्याच्यावर नंबर नव्हता, शिक्का नव्हता, मला वाटलं इथल्या लोकांना कळेल. मला क्षमा कर.”

शूबाई त्यांना म्हणाली, “मीही तेच केलं असतं.” आणि पळत सुटली. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाचनालयात पळताना बघितलं मी.

ट्रॉली तळघरात गेली होती. तिथे पुस्तकं निवडायची खोली. पांढरा डगला घातलेला एक माणूस मापून बोलणारा, त्याला सगळे डॉक्टर म्हणत होते. पुस्तकांचा डॉक्टर. त्याने शांतपणे ऐकलं.

“कापडी. नंबर नसलेलं. हो, आलं होतं,” म्हणाला. “बाहेरून आलेलं दिसलं म्हणून फ्रीजरमध्ये गेलं.”

“कशात?” मी म्हटलं. मला वाटलं थट्टा करतोय.

थट्टा नव्हती. कोणाच्या तरी बंद पडलेल्या घरातून जुन्या पुस्तकांची गठुळी आली होती, वाळवी, झुरळं, कसल्या कसल्या अळ्या लागलेली. असली बाहेरची पुस्तकं ते प्लास्टिकमध्ये बांधून कपाटाएवढ्या फ्रीजरमध्ये गोठवून ठेवतात, म्हणजे आतले किडे आणि अंडी मरतात. फ्रीजर नुकताच भरून बंद केला होता. आमची मेंढी त्या गठुळ्यांबरोबर एकाच टोपलीत बसून आत गेली. उघडायचा तो पुढच्या आठवड्यानंतर.

“आता उघडा,” मी म्हटलं.

“मधे उघडला तर गारवा मोडतो. सगळं पहिल्यापासून करावं लागेल.”

“मग करा पहिल्यापासून! तुमच्या किड्यांना काय, दोन दिवस जास्त जगतील.”

तोवर वरून परिषदेचे अध्यक्ष धापा टाकत आले होते, मागे त्या काठीवाल्या बाई, नकाशेवाले गृहस्थ, सगळी वरात. अध्यक्ष म्हणाले, “डॉक्टर, उघडा. जेवणानंतर या बाईंचं भाषण आहे. पाहुण्यांची चूक नाही.” डॉक्टरने मान डोलावली, किल्ली काढली. माझा जीव भांड्यात पडला.

किल्ली कुलपाला लागली आणि शूबाई म्हणाली, “थांबा.”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती पांढरीफटक पडली होती.

“टोपलीत ते पुस्तक उघडं होतं का? बांधायच्या आधी?”

डॉक्टर म्हणाला, “हो. एका टोपलीत होतं सगळं. बांधलं ते नंतर.”

“म्हणजे त्या अळ्या लोकरीत गेलेल्या असू शकतात.”

“असू शकतात. लोकर तर त्यांना फार आवडते.”

“आणि आता काढलं तर मेलेल्या नसतील.”

“नसतील. आत्ताच तर घातलंय.”

मी म्हटलं, “अगं, झटकून घेऊ! उन्हात घालू! घासलेटाचा बोळा फिरवू!”

“दादा, ती ते उशाशी घेऊन झोपते,” म्हणाली. “आणि दुपारी माझ्या वाचनालयात आणते.” मग डॉक्टरकडे वळून, “नका उघडू.”

एवढंच. दोन शब्द. मी तिचा दंड धरून बाजूला नेलं. “डोकं ठिकाणावर आहे का? सोमवारी काय तोंड दाखवणार तिला?” ती फ्रीजरच्या दारावर तळहात टेकवून उभी राहिली. हात अजून ओलाच होता, दारावर त्याचा ठसा उमटला. आतून घरघर ऐकू येत होती, बस.

डॉक्टर म्हणाला, पोस्टाने पाठवून देऊ. त्यावर मात्र ती अशी काय तडकली, “नाही. आता ते मोकळं कुठेही जाणार नाही. माणसाच्या हातातून माणसाच्या हातात.”

भाषण? झालं की. त्याचं फार काही सांगण्यासारखं नाही. ती व्यासपीठावर चढली, मी खालून बघतोय. हातात दाखवायला काही नाही. माईकजवळ गेली आणि नेहमीच्या आवाजात, ओठांतल्या ओठांत बोलायला लागली. मागचे लोक ‘मोठ्याने, मोठ्याने’ करायला लागले. ही घाबरून आणखी हळू. शेवटी तिने डोळे मिटले आणि रिकाम्या हवेत पान उलटल्यासारखं केलं, आणि एकेक पान सांगत गेली. हे बटण, हे जरा सैल आहे. इथे चेन अडकते, मग ती पोर ओठ चावते. काही लोक ऐकत होते, काही चहाला उठून गेले. मेंढीचं पान आलं तेव्हा तिचा हात हवेतच थांबला, आणि पुढची पानं ती सांगायची विसरली. तशीच खाली उतरली. टाळ्या पडल्या, पण तिला त्या ऐकू गेल्या असतील असं मला वाटत नाही.

कारण तिला फोन करायचा होता. जिन्याखाली उभं राहून केला. पोरीच्या आजीने उचलला आणि पोरीला दिला. मी कान लावून होतो.

“मुदत वाढवून देशील का?” शूबाई म्हणाली. माझी बहीण! जिने जन्मात कोणाला मुदत वाढवून दिली नाही.

“का?”

हिने सगळं सांगितलं. टेबल, ट्रॉली, अळ्या, फ्रीजर. एक शब्द गाळला नाही. मग पोर म्हणाली, “मेंढी लोकरीची आहे. तिला थंडी वाजणार नाही.”

“नाही वाजणार.”

“पण तू ठेवलंस का खाली?”

पोरीने फोन ठेवला. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

आम्ही परत आलो. सोमवारी हवालदार आलीच नाही वाचनालयात. मंगळवारीही नाही. आजी सांगते, पोर रात्रीची उशाशी चाचपडते आणि मग कूस बदलते. शूबाई घरी जाऊन आली तिच्या, तर दारातूनच म्हणाली, “आणलंस?” नाही म्हटल्यावर, “मग तुझं कार्ड बंद आहे.” आणि आत गेली. पोर रागावली असती, रडली असती तर बरं वाटलं असतं हो. तिने नुसता नियम लावला. आता माझी बहीण दुपारी रिकाम्या खुर्चीशेजारी बसते. बोट ओठावर न्यायचं पण विसरते. परवा पोरांनी वाचनालयात बँडबाजा वाजवल्यासारखा गोंधळ घातला, तरी हिचं लक्ष नाही.

फ्रीजर आता उघडलाय. डॉक्टरचा फोन आला होता, मेंढी ठणठणीत आहे, वारा लागायला ठेवलीय म्हणे. पण आणायचं कोणी? बहिणीची रजा संपली, वाचनालयाला दुसरं माणूस नाही. मी निघालो होतो, तर परवा जॅक घसरला, हा गुडघा बघा, माठाएवढा झालाय. बसमध्ये पाय दुमडत नाही.

झालं तुमचं चाक. हवा बरोबर भरलीय. पैशाचं राहू द्या हो, ऐका. तुमच्या सासूबाई काल इथे उभ्या राहून सांगत होत्या, की तुम्ही गुरुवारी त्याच शहरात चाललाय, साहेबांच्या कामाला, आणि शनिवारी परत. तेव्हा म्हटलं, सांगून तर बघावं. त्या मोठ्या वाचनालयाच्या तळघरात जा, डॉक्टर म्हणून विचारा, मेंढीचं पुस्तक पाहिजे म्हणा, त्याला कळेल. पुस्तक घ्या. आणि इथे आलात की माझ्याकडे नका देऊ, बहिणीकडेही नका देऊ. सरळ त्या पोरीच्या घरी जा, पाण्याच्या टाकीला लागून निळं घर. आधी आवाज द्या, कोण आलंय ते सांगा, एकदम हातात कोंबू नका, दचकते ती. मग मेंढीचं पान उघडा, आणि तिचा हात त्याच्यावर ठेवा. एवढं कराल?